कोकणातल्या सिनेमातली मधली माणसं कुठे गेली?

सुरंगी

गेल्या पावसात पाय मुरगळला आणि तीन आठवडे पडवीतल्या खाटेवर काढावे लागले. लेकीने मुंबईहून येऊन फोनवर दोन ॲप घालून दिली, फोन उभा करायला छोटा स्टँड आणला आणि म्हणाली, "आई, आता तू फक्त सिनेमे बघ." मी ते मनावर घेतलं. जवळजवळ रोज एक पाहिला. जुने, नवे, मराठी, हिंदी. लाईट गेली की अर्ध्यावर राहायचा, तो दुसऱ्या दिवशी पुढे. वहीत प्रत्येकाचं नाव आणि खाली चार ओळी लिहीत गेले. पाय बरा झाल्यावर वही पहिल्यापासून वाचली, तेव्हा जे ध्यानात आलं ते इथे मांडते.

सुरुवात 'श्यामची आई'ने केली होती, आचार्य अत्र्यांच्या, १९५३च्या. साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यात, आमच्या देवगडपासून लांब, पण ते घर मला ओळखीचं वाटलं. या सिनेमाला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर मराठी सिनेमाला तो मान पुन्हा मिळायला पन्नास वर्षं गेली. २००४ साली मिळाला तो 'श्वास'ला. आता बघा, दोन्ही गोष्टी कोकणातल्या लहान मुलाच्या आहेत. एकीत मूल आणि आई, दुसरीत मूल आणि आजोबा.

'श्वास' मी तिसऱ्यांदा पाहिला. डोळ्याच्या कर्करोगाने नातवाची दृष्टी जाणार, हे कळल्यावर अरुण नलावड्यांचा आजोबा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये ज्या पद्धतीने उभा राहतो, तसं मी माझ्या सासऱ्यांना गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात पाहिलं आहे. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. सासरे तिथल्या बाकावर बसले, चपला काढल्या, पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. दिवसभर ती पिशवी खाली ठेवली नाही. डॉक्टर आले की पिशवीसकट उठायचे, प्रश्न विचारायचा असायचा, पण डॉक्टर पुढे गेलेले असायचे. 'श्वास'मधला डॉक्टर वाईट माणूस नाही, त्याच्याकडे वेळ नाही, आणि आजोबाकडे त्याला थांबवतील असे शब्द नाहीत. हे इतकं खरं मी पडद्यावर फार कमी वेळा पाहिलं. ऑपरेशनच्या आधी आजोबा नातवाला घेऊन बाहेर निघून जातो, त्याला डोळे असेतो शहर दाखवायला, तिथे मला तिन्ही वेळा फोन बाजूला ठेवावा लागला.

मग 'किल्ला' (२०१४). वडील गेलेला मुलगा, आईची बदली होऊन कोकणात आलेला. पुन्हा मूल. 'नारबाची वाडी' (२०१३), तिथे म्हातारा. गणपती गेल्यावर भावाबरोबर कणकवलीला जाऊन 'दशावतार' पाहिला, तिथेही म्हातारा, आणि त्या म्हाताऱ्याच्या कामात एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर. नारबाही तेच होते. आणि उरले ते 'तुंबाड' (२०१८) आणि 'मुंज्या' (२०२४), म्हणजे भुतं.

वहीत मी लिहिलं: पोर, म्हातारा, भूत. गावात हेच तिघे राहतात का?

आणि मग कळलं की खरंच तसं आहे. कर्ती माणसं मुंबईत. सिनेमावाला कॅमेरा घेऊन आमच्या गावात वैशाख संपल्यावर आला किंवा भाद्रपद संपल्यावर आला, तर त्याला दिसणार कोण? शाळेला जाणारी पोरं, पडवीतले म्हातारे आणि बंद घरं. बंद घरात भूत सुचणारच.

पण गावात आणखी कोणीतरी होतं. त्या माणसांवर सिनेमा आहे का, हा माझा प्रश्न आहे. तुम्ही पाहिलेले, आवडलेले, न आवडलेले सगळे सांगा. कोकणाबाहेरचे सांगितले तरी चालतील, पण का आवडला ते लिहा. नुसतं नाव नको.

रातांबा

सुंदर धागा. एक जोड देतो. 'नारबाची वाडी' आणि 'मुंज्या' या दोन्हींचा दिग्दर्शक एकच, आदित्य सरपोतदार. म्हातारा आणि भूत दोन्ही त्यांच्याकडेच!

'नारबाची वाडी' मला 'मुंज्या'पेक्षा कितीतरी मोठा वाटतो. मूळ गोष्ट मनोज मित्रांच्या बंगाली नाटकाची, पण ती आपल्या मातीत अशी रुजली आहे की कोणी सांगितलं नसतं तर कळलं नसतं. खोताला नारबाची वाडी हवी. नारबा आज-उद्या जाणार म्हणून खोत त्याला मरेपर्यंत महिन्याला पैसे द्यायचं कबूल करतो. आणि पैसे हातात पडू लागल्यावर नारबा खायला लागतो, टवटवीत होतो, मरतच नाही. आमच्या आजोबांनी कुळकायद्याच्या आधीचे दिवस पाहिलेले. माड आम्ही शिंपायचे आणि नारळ मोजायला खोताचा माणूस यायचा, ही गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत. त्यांनी हा सिनेमा पाहायला हवा होता.

खाडीपल्याड

सुरंगीताई, तुमचं निरीक्षण पटलं, पण 'किल्ला'ला त्या यादीत टाकणं मला पटत नाही. सिनेमाने गावाची शिरगणती करायची नसते. अविनाश अरुण यांनी एका मुलाचं एकटेपण दाखवलं, आणि ते पूर्ण दाखवलं. मित्र त्याला किल्ल्यात सोडून जातात आणि वरून पाऊस येतो, त्या प्रसंगात एकही संवाद नसता तरी चाललं असतं. बर्लिनला लहान मुलांच्या ज्यूरीने त्याला क्रिस्टल बेअर दिलं. परक्या देशातल्या पोरांना आपला पाऊस कळला.

आणि त्यात मधलं माणूस आहे की. अमृता सुभाषची आई! ऑफिसात तिच्यावर दबाव येतो, घरी मुलगा बोलत नाही, रात्री ती एकटी. मुलाच्या नजरेतून दाखवल्यामुळे ती अर्धीच दिसते, आणि म्हणूनच मला ती जास्त खरी वाटते. आपणही आपल्या आयांना लहानपणी अर्धंच पाहिलेलं असतं.

सुरंगी

खाडीपल्याड, आईबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला सुचलं नव्हतं. पुन्हा पाहीन. पण ती बदली होऊन आलेली आहे, गावातली नाही. तिला परत जाता येतं.

परतीचा चाकरमानी

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच उत्तर आठवलं. मधली माणसं 'लालबाग परळ'मध्ये आहेत. महेश मांजरेकरांचा, २०१० चा. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून.

माझे वडील गिरणीत होते. आमच्या गावची खोली होती परळला. दहा बाय बाराची, त्यात चौदा माणसं. सगळे एकाच पंचक्रोशीतले. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे सगळे एकदम झोपत नसत, म्हणून चौदा मावत. ट्रंका एकावर एक, भिंतीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळा कुणाचा ते ठरलेलं. जेवण खाणावळवालीकडे. मी दहावीनंतर गेलो तेव्हा वडिलांच्याच खिळ्याला माझाही शर्ट लागला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. तो संप मिटल्याचं कोणी जाहीर केलंच नाही, तो तसाच विरला. सिनेमा संपानंतरच्या घराचा आहे. तो सगळा चांगला आहे असं मी म्हणणार नाही. मारामारी जास्त आहे, आवाज जास्त आहे, आणि नाटकात जे एका खोलीत कोंडलेलं होतं ते सिनेमात रस्त्यावर सांडलं. पण घरात बसून राहिलेला बाप मला ओळखीचा आहे. माझे वडील संपात सहा महिने गावी येऊन राहिले, तेव्हा रोज पहाटे पाळीच्या वेळेला उठून ओट्यावर बसायचे. आई चहा द्यायची. दोघं काही बोलत नसत.

तर कोकणातली कर्ती माणसं सिनेमात शोधायची असतील तर कोकणात शोधू नका, लालबागला शोधा.

गजालीकार

सुरंगीबाय, वाचून बरा वाटला. माझी तक्रार येगळी असा. सिनेमात मालवणी इली काय लोक हसाक तयार. हसवणारो मालवणी बोलता आणि रडणारो पुण्याची मराठी. माझो बापूस मरताना पण मालवणीच बोललो, तेव्हा कोण हसलो नाय.

पुढचं सगळ्यांना नीट कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. म्हणून मला 'पिकासो' आवडला. २०२१ चा, सव्वा तासाचा छोटा सिनेमा, राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळालेला. मुलाला चित्रकलेची शिष्यवृत्ती मिळते पण पैसे भरायचे आहेत, आणि बाप दशावतारी, दारूत बुडालेला. प्रसाद ओक. तो रात्री तोंडाला रंग लावायला बसतो तेव्हा चेहरा बदलतो, खांदे बदलतात. आम्ही जत्रेत पेटाऱ्यामागे बसून हेच बघत मोठे झालो. दशावतारात संहिता लिहिलेली नसते, आख्यान ठरलं की संवाद रंगमंचावरच सुचतात, समोर हार्मोनियम, पखवाज, झांज. पालखी झाली की मध्यरात्रीनंतर नाटक उभं राहतं आणि उजाडता दहीकाला. रातचो राजा, सकाळी डोक्यार बोजा, असा आमच्यात म्हणतत. तो बोजा 'पिकासो'त दिसतो.

'दशावतार' मोठा सिनेमा आहे. थिएटरात आमचे लोक कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन गेले, त्याचा आनंद आहेच. प्रभावळकरांचा बाबुली, डोळे अधू झालेला, वय झालेला, तरी सोंग सोडवत नाही, हे पूर्वार्धात काळजाला लागलं. उत्तरार्धात सूड आला आणि सिनेमा जोरात धावायला लागला. मला तो धावायला नको होता. माझा चुलता सत्तरीपर्यंत स्त्रीपार्ट करायचा. त्याला सोडताना काय वाटलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, फक्त लुगडी परत देताना घड्या तीनदा मोडून तीनदा घातल्या. तेवढ्यावरच मी अख्खा सिनेमा बघितला असता.

रातांबा

लुगड्यांच्या घड्या... गजालीकार, हे तुम्ही कुठेतरी सविस्तर लिहा.

डोंगरवाट

रायगडही कोकणच आहे हो! 'जैत रे जैत' (१९७७) कोणीच काढला नाही? कर्नाळ्याचा तो सुळका मुंबई-गोवा हायवेवरून जाताना रोज दिसतो. त्याच्या कड्याला लागलेली मधाची पोळी आणि राणी माशी मारायचा ध्यास घेतलेला नाग्या. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथांचं संगीत, महानोरांचे शब्द. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील.

सुरंगीताईंच्या हिशेबात हा सिनेमा बसत नाही, आणि का बसत नाही ते मला महत्त्वाचं वाटतं. यातली माणसं तरणीताठी आहेत. चिंधी नकोशा नवऱ्याला सोडून येते, आपल्याला कोण हवा ते तोंडावर सांगते. ही ठाकरं, म्हणजे डोंगरातले आदिवासी, मुंबईला नोकरीला गेली नव्हती, डोंगर हेच त्यांचं काम होतं. जिथे काम गावात आहे तिथे सिनेमातही माणसं गावात आहेत. माझं तरी असं मत झालंय.

बाकी गाणी जरा जास्त आहेत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. मला एकही कमी करायचं नाही.

माचवा

हर्णैकडची आहे मी. डोंगरवाट म्हणतात तसं काम गावात असलेली माणसं किनाऱ्यावर अजून आहेत. संध्याकाळी बंदरात होड्या लागल्या की पाण्यात बैलगाड्या जातात, मासळी काढतात आणि वाळूत लिलाव होतो. बोली लावणाऱ्यांत बायका पुढे. माझी काकी पन्नास वर्षं तिथे उभी आहे. सिनेमात मात्र कोळीण आली की डोक्यावर पाटी आणि नाच. नाच आमचाच आहे, आवडतो, पण मासळीचा भाव पडला त्या दिवशी काकी घरी कशी येते ते कोणी दाखवावं.

त्यातल्या त्यात मल्याळम 'चेम्मीन' (१९६५). रामू करियात यांचा, त्यालाही राष्ट्रपती सुवर्णपदक. समुद्रात गेलेल्या नवऱ्याचा जीव घरी असलेल्या बायकोच्या चारित्र्यावर तरतो, असं तिथले लोक मानतात, आणि त्या समजुतीचं ओझं एका बाईवर पडतं. समुद्र सुंदर दाखवलाय, पण त्याहून त्याची भीती खरी दाखवलीय. होडी यायला उशीर झाला की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आमच्याकडेही बोलत नसत.

भरतीओहोटी

कोकणाबाहेरचे चालतील म्हणालात म्हणून लिहिते. मी गेल्या महिन्यात प्रभातचा 'संत तुकाराम' पाहिला, १९३६ चा. आजीमुळे नाव माहीत होतं, व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला हेही शाळेत ऐकलेलं. मला वाटलं होतं भक्तिपट असेल, हात जोडून बघावा लागेल. विष्णुपंत पागनीस तुकाराम म्हणून इतके निर्मळ आहेत की शंकाच येत नाही. पण माझे डोळे जिजाईवर. गौरी नावाच्या नटीने केलीय. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, म्हैस सांभाळायची, नवरा विठ्ठलात. ती चिडते, ओरडते, देवाला शिव्या घालते, आणि तरी भाकरी बांधून त्याच्या मागे जाते. नव्वद वर्षं होत आली त्या सिनेमाला आणि ती बाई आत्ता आमच्या शेजारी राहते असं वाटलं.

नव्यांत 'कोर्ट' आवडला. चैतन्य ताम्हाणे. कॅमेरा दूर उभा राहतो आणि माणसं आपापलं काम करत राहतात. सरकारी वकील बाई कोर्टातून घरी जाऊन स्वयंपाक करते तो भाग मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला. 'सैराट' पहिल्यांदा पाहिला तेव्हा गाण्यांवर नाचले आणि शेवटी बधिर झाले. दुसऱ्यांदा पाहायची हिंमत नाही. 'कांतारा' (२०२२) मला शेवटच्या वीस मिनिटांसाठी आवडला. आपल्याकडे देवचार, गावराखण आहेत, पण त्यांच्यावर इतक्या श्रद्धेने कोणी सिनेमा केला नाही, भीतीनेच केले.

सुरंगी

भरतीओहोटी, जिजाईबद्दल वाचून मी काल रात्री लगेच 'संत तुकाराम' लावला. खरं आहे तुमचं. तुकारामाच्या गावात जिजाई मधलं माणूस आहे.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे प्रश्न का विचारला ते कळेल. माझं लग्न १९८७ साली झालं. हे मुंबईला एका वर्कशॉपमध्ये. गावच्या खोलीत जागा होती तेवढी एका माणसाची. मी इथेच राहिले, सासू-सासरे, दोन म्हशी, कुळागर आणि पुढे दोन मुलं. हे गणपतीत यायचे आणि मे महिन्यात. कोकण रेल्वे १९९८ ला सुरू झाली, तोवर एसटीने रात्रभर. निवृत्त होऊन आले तेव्हा आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि आम्ही एका घरात सलग राहिलो ते पहिल्यांदाच.

त्या काळात सिनेमा म्हणजे सत्यनारायणाच्या रात्री खळ्यात आणलेला व्हिडिओ. भाड्याचा टीव्ही, भाड्याचा व्हीसीआर, रात्रभरात तीन कॅसेट. पहिला देवाचा, मग मराठी, मग मारामारीचा, तोवर बायका-पोरं गोधडीत झोपलेली. पडद्यावर रेघा आल्या की व्हिडिओवाला कोरी नोट स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायचा आणि सगळं खळं श्वास धरून बसायचं. 'अशी ही बनवाबनवी' तिथेच पाहिला. सगळे हसून लोळत होते. मला त्या रात्री हसू आलं नाही. चौघा पुरुषांना भाड्याची खोली मिळत नाही, हीच त्यातली गोष्ट आहे. माझा नवरा त्या वेळी कुणाच्या तरी पाळीची वाट बघत जिन्यात बसला असेल, असं मनात येत राहिलं. आता पाहिला तेव्हा मात्र पोटभर हसले. अशोक सराफ, लक्ष्या, सचिन, काय वेळ साधलीय प्रत्येकाने! पण अजून मला तो सगळ्यात आधी खोली नसलेल्या माणसांचाच सिनेमा वाटतो.

आणि 'तुंबाड'. खरं तुंबाड खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. सिनेमातला विनायक पुण्याला राहतो, गावी येतो, विहिरीत उतरतो, मोहरा काढतो, परत जातो. गावात थांबत नाही. मला त्यातल्या हस्तर राक्षसापेक्षा विनायकाची भीती वाटली. गावाकडून फक्त घेऊन जाणारा माणूस. आमचे चाकरमानी पाठवत होते, हा नेत होता. पाऊस मात्र त्यांनी अस्सल धरलाय. २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला, हे योग्यच झालं.

खाडीपल्याड

सुरंगीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही 'गमन' पाहिलाय का? मुझफ्फर अली, १९७८, हिंदी. फारुख शेख लखनौकडच्या गावातून मुंबईला येऊन टॅक्सी चालवतो, स्मिता पाटील गावी, सासूबरोबर. तो कोकणाचा नाही. पण तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

डोंगरवाट

'गमन'ला माझंही अनुमोदन. सुरेश वाडकरांचं ते गाणं बहुतेकांना माहीत असतं, सिनेमा कमी लोकांनी पाहिलेला असतो.

रातांबा

मध्येच एक विचारतो. २०२३ चा 'श्यामची आई' कोणी पाहिला का? सुजय डहाके यांनी तो कृष्णधवल केलाय. मला पटलं नाही. अत्र्यांच्या वेळी नाइलाज होता. आज पालगडचा हिरवा रंग का काढून टाकायचा?

भरतीओहोटी

पाहिला. मला उलट वाटलं. हिरवं कोकण दाखवलं की लोक घर बघत नाहीत, हॉटेल कुठे घ्यायचं ते बघतात. रंग काढल्यावर आईच्या हाताकडे लक्ष गेलं. गौरी देशपांडे फार संयमाने बोलल्या आहेत, जुन्यातल्या वनमालाबाईंची आठवण पुसायचा प्रयत्न केला नाही. पण संगीत मात्र जुन्याचंच सरस. वसंत देसाई आपल्या सावंतवाडीकडचे, आणि ते ऐकू येतं.

रातांबा

हातांचं पटलं. हिरव्याचं अजून नाही.

सुरंगी

पाच दिवसांनी लिहिते आहे. 'गमन' मिळाला. एकटीने नाही पाहिला. भावाने फोन टीव्हीला जोडून दिला आणि वाडीतल्या सहा जणींना बोलावलं. सगळ्यांचे नवरे मुंबईला होते. दोघींचे आता नाहीत.

हिंदी थोडं अवघड होतं, उर्दू शब्द जास्त, पण कोणी काही विचारलं नाही. स्मिता पाटील त्यात फार बोलतच नाही. ती दाराशी येते, बाहेर बघते, आत जाते. सासूचं आजारपण करते. मध्ये एका ठिकाणी आमची जाऊ म्हणाली, "हिचो पदर बघ, कामाचो असा." म्हणजे कमरेला खोचलेला. नटीचा पदर नाही, हे तिला लगेच दिसलं. शेवटी तो स्टेशनवर उभा राहतो, घरी जायची गाडी समोर आणि पैसे नाहीत. तिथे कोणी रडलं नाही. सगळ्या गप्प बसून राहिल्या. मग मी चहा ठेवला.

चहा घेताना जाऊ उठली, घरी गेली आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत मनीऑर्डरची कुपनं. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि खालचा तुकडा फाडून हातात ठेवायचा, त्यावर पाठवणाऱ्याने लिहिलेल्या ओळी. तिने सगळी ठेवली होती, १९८१ पासूनची, सालाप्रमाणे दोऱ्याने बांधून. मला वाटलं होतं अशी कुपनं मीच एकटीने ठेवलीत. मग आम्ही एकेक वाचत बसलो. बहुतेकांवर एकच मजकूर. पैसे मिळाल्याचे कळव. आईच्या औषधाचे वेगळे काढ. पाऊस सुरू झाला का?

परतीचा चाकरमानी

सुरंगीताई, त्या कुपनावर तीन-चार ओळींचीच जागा असायची. मी खाणावळीत बसून आधी पाठकोऱ्या कागदावर सगळं लिहायचो आणि मग एकेक वाक्य खोडत जायचो, कुपनावर मावेल इतकं होईपर्यंत. मुलाच्या शाळेचं खोडलं आहे, तब्येतीचं खोडलं आहे, घरी यावंसं वाटतं हे तर दर वेळी पहिलं खोडायचो. पावसाचं वाक्य कधी खोडलं नाही.